चौकशीचा फोन

आमच्याकडे कुणाची चौकशी करायला फोन आला, की त्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं. मुलगी तापट असो, मुलगा आळशी असो, शेजाऱ्याने 'एक नंबर' म्हणून मोकळं व्हायचं. माझ्या आईबाबांचं लग्न उमरेडच्या अशाच एका शेजाऱ्याच्या कृपेने जमलं. त्याने बाबांना नोकरी असल्याचं ठोकून दिलं होतं. ती लागली लग्नानंतर दीड वर्षाने. घरात हा किस्सा निघाला की आम्ही पोट धरून हसायचो. पुढे ही रीत माझ्याच मुळावर येणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

मी सक्करदऱ्याला हातमागाच्या साड्यांच्या एका दुकानात काम करायचे. मालक बाबांच्या गावचे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचे. बाहेरगावच्या ऑर्डरी घ्यायच्या, साड्यांचे फोटो काढायचे, पार्सलं रवाना करायची, हे माझं काम. एकूण चौदा महिने. त्यातले चार महिने मी घरीच होते, कारण आईचं ऑपरेशन झालं होतं. एमबीएच्या फॉर्ममध्ये मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. क्लासचे सर म्हणाले, "दोन वर्षं लिही ना, कोण पाहून राहिलं?" मी म्हटलं, "सर, मी पाहून राहिली ना." हे उत्तर मला तेव्हा इतकं आवडलं की मी ते चार मैत्रिणींना ऐकवलंही.

मुलाखत चांगली झाली. पुण्याच्या एका कॉलेजात निवड झाली, फक्त नोकरीची पडताळणी बाकी होती. तो फोन आला तेव्हा मी दुकानातच होते.

"हो जी, बोला जी," म्हणत काका ताठ बसले. तुझ्यासाठीच आहे, अशी त्यांनी मला खूण केली आणि माझ्या डोळ्यांदेखत सुरू झाले. "तीन वर्षं झाले जी पोरीले. एक सुट्टी नाही घेतली. पूर्ण दुकान तीच पाहते, मी तर नुसता बसून राहतो."

मी हात जोडले, मान हलवली, कागदावर मोठ्या अक्षरात 'चौदा महिने' लिहून तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी फोनवर हात ठेवला. "थांब वं, बोलून राहिलो ना!"

फोन ठेवल्यावर मी जवळजवळ किंचाळलेच. "काका, असं काहून सांगितलं? फॉर्ममध्ये मी खरं लिहिलं आहे!"

"मग मधात चार महिने कुठं होती, असं विचारलं असतं ना त्यायनं. तुह्या मायचं दुखणं परक्याले सांगत बसू का? घरातलं दुखणं चौकशीत सांगत नसतेत, पोरी."

आता या माणसावर रागवायचं तरी कसं? त्या चार महिन्यांत त्यांनी माझ्या जागी दुसरं कुणी ठेवलं नव्हतं. आई दवाखान्यात होती तोवर रोज दुपारी काकूंच्या हातचा डबा घेऊन ते स्वतः तिथे यायचे.

मी त्याच दिवशी कॉलेजला कळवलं की फॉर्ममधली माहितीच बरोबर आहे. आठवड्याने उत्तर आलं. मालकांचं सही-शिक्क्याचं पत्र पाठवा, त्यानंतर आम्ही पुन्हा फोन करून खात्री करू.

काकांनी ऐकून घेतलं. "फोनवर तीन वर्षं बोललो, आता कागदावर चौदा महिने देऊ? मी खोटा पडन ना." बराच वेळ ते गल्ल्याशी चाळा करत बसले. मग दुकानाचं लेटरहेड काढलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि कोराच कागद माझ्या हातात दिला. "तुले पाहिजे ते लिही. मी वाचत नाही. पण फोन आला तर मी तीनच सांगीन. माणसाची जबान एकच असते."

तो कोरा कागद दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होता. 'तीन वर्षं' लिहून फॉर्ममध्ये माझीच चूक झाली असं कळवलं असतं, तर सगळं जुळत होतं. खरं लिहिलं तर काहीच जुळत नव्हतं. शेवटी मी चौदा महिनेच लिहिले. त्यात मोठेपणा काही नव्हता. आईच्या उशाशी काढलेले ते चार महिने झालेच नाहीत, असं माझ्या हाताने लिहवेना, एवढंच. पत्र पाठवताना माझी सीट गेली हे मला कळत होतं, आणि रडूही येत होतं.

कॉलेजचा फोन आला. काकांनी तीन वर्षं सांगितली. दोन ओळींचा नकार आला.

दुकानात जाऊन सांगितलं, तेव्हा काका साडीची घडी घालत होते. ती अर्धवटच राहिली. ते म्हणाले, "मी कमी पडलो का वं? पाच वर्षं सांगायले पाहिजे होते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नाही काका," मी म्हटलं, "सीटाच भरल्या होत्या." हे बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

काकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि साडी पुन्हा हातात घेतली. "मग ठीक आहे. मले वाटलं, माह्या बोलण्यानंच काही बिघडलं."