खालच्या गल्लीचं पान

मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. अंगात येणं, करणी, भानामती यांची वर्गात खिल्ली उडवणं हा माझा ठरलेला कार्यक्रम असायचा. ‘भानामती झालेल्या घरात कपडे आपोआप पेटतात म्हणे... मग त्या घरात काडेपेटी कुणाच्या खिशात असते ते आधी बघा’ — पोरं हसायची आणि मी पुढचं गणित घ्यायचो. आज पंचाहत्तरी ओलांडली तरी माझं मत फारसं बदललेलं नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते मला स्वतःलाच अडचणीचं आहे. त्यातला एक भाग मला अजून कळलेला नाही. दुसरा भाग मात्र पहिल्या दिवसापासून पक्का माहीत होता आणि तो मी कुणाला सांगितला नाही. वाचकांना पहिल्यात रस असेल. मी लिहायला बसलो ते दुसऱ्यासाठी.

बायको गेल्यावर लातूरचं घर बंद करून मी नांदेडला लेकीकडे राहायला आलो. दिवसभर करायचं काय, हा प्रश्न होता. वेबपेजचा कोड हाताने लिहायची जुनी सवय होती, ती परत काढली. आमच्या कॉलनीत नळाला पाणी कधी येईल याचा काही नेम नाही. म्हणून मी एक साधं पान केलं — पाणी आलं की ज्याला कळेल त्याने बटण दाबायचं, आणि मागच्या खेपांवरून पान पुढचा अंदाज सांगणार. जाहिरात नाही, पासवर्ड नाही. कॉलनीतल्या बायका ते वापरायला लागल्या. समोरच्या वहिनी गच्चीवरून विचारायच्या, “काका, तुमचं पान म्हणतंय उद्या, नळ म्हणतोय परवा. कुणाचं ऐकून भांडी घासू?”

त्यातूनच मला इंटरनेटचा एक कोपरा सापडला. जगभरात काही लोक अजूनही जुन्या पद्धतीची, हाताने लिहिलेली साधी पानं ठेवतात. कुणी आपल्या गावचं हवामान लिहितो, कुणी गटाराच्या झाकणांचे फोटो जमवतो. अशी पानं एकमेकांना साखळीसारखी जोडलेली असतात आणि प्रत्येकाच्या तळाशी तीन दुवे असतात — मागचं पान, पुढचं पान, कुठलंही पान. जेवण झालं की मी ‘कुठलंही’ दाबत बसायचो.

अशाच एका दुपारी दाबलं, आणि पान हळूहळू वरून खाली उतरायला लागलं... पूर्वी मोडेमवर उतरायचं तसं. लेकीकडचं नेट चांगलं वेगवान आहे. मातकट रंगाची पार्श्वभूमी, त्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेल्या गल्ल्या, गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना घरांचे चौकोन. खाली सरकवून बघायची मला गरज नव्हती. ते पान मी ओळखत होतो. ते मीच पुसलं होतं.

आता मागचं सांगतो.

भूकंपानंतरची काही वर्षं. लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं. दर उन्हाळ्यात नवी पाटी, आणि बोर्डात आलेलं एकच पोरगं तीन-तीन क्लासच्या बॅनरवर हसताना दिसायचं. मी अशाच एका क्लासमध्ये शिकवायचो आणि क्लासच्या कॉम्प्युटर विभागाचं बघायचो. तिथे बालाजी नावाचा मुलगा माझ्या हाताखाली लागला. त्याचं गाव किल्लारीच्या पलीकडचं. नाव लिहीत नाही. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते गाव दगडमातीच्या माळवदांखाली गेलं, तेव्हा तो लातूरला होस्टेलमध्ये होता. वडील गेले, चुलत्याचं अख्खं घर गेलं. आई तेवढी वाचली.

गाव दुसरीकडे नवीन बसलं. एकसारखी घरं, रुंद रस्ते, आणि घरांना नंबर. जुन्या गावात शेजारी कोण हे तोंडपाठ असणाऱ्या म्हाताऱ्यांना नव्या गावात सख्ख्या भावाचं घर सापडेना. बालाजीने त्यावर एक पान करायला घेतलं. जुन्या गावाचा नकाशा — जुन्या घरावर बोट ठेवलं की त्या घरातलं कोण गेलं, कोण राहिलं आणि राहिलेला नव्या गावात कुठल्या नंबरात राहतो ते उघडायचं. तेव्हा मराठी फॉन्टची बोंब होती. दुसऱ्या कॉम्प्युटरवर अक्षरांच्या जागी कचरा दिसायचा. म्हणून त्याने एकेक नाव माउसने चित्रासारखं काढलं होतं. वेडीवाकडी अक्षरं, मुलाने पाटीवर काढावीत तशी.

माहिती जमवायची ती त्याची आई. घरोघर जाऊन बसायची. मेलेल्या माणसांबद्दल बोलायला कुणी तयार नसायचं, ती बोलतं करायची. एकदा गावातली काही माणसं जीपने क्लासला पान बघायला आली. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायची तेव्हा पद्धत होती. एका आजोबांनी चपला तर काढल्याच, वर हात धुऊन आले आणि स्क्रीनवरच्या चौकोनाला बोट लावून म्हणाले, “हितं माझी म्हैस बांधायचो मी.”

एक गल्ली मात्र कोरी होती — खालची गल्ली. बालाजीच्या चुलत्याची. मी विचारलं तर म्हणाला, आपली गल्ली शेवटी करू सर. बाकी गाव होऊ द्या.

हे सगळं क्लासच्या नावाने घेतलेल्या एका परदेशी फुकट वेबसाइट-सेवेवर होतं आणि तिथे जागा जेमतेम मिळायची. बारावीचा निकाल लागला. संचालकांनी सांगितलं, आपली पोरं संध्याकाळपर्यंत फोटोसकट इंटरनेटवर दिसली पाहिजेत, समोरच्या क्लासच्या आधी. फोटो चढेनात. बालाजीची नावांची चित्रं सगळी जागा खाऊन बसली होती. तो गावाकडे गेला होता. मी त्याचं फोल्डर पुसलं. त्याच्याकडे फ्लॉपी आहेत असं स्वतःला सांगितलं, आणि गुणवंतांचे फोटो चढवले.

बालाजी परतला तेव्हा त्याच्या फ्लॉपी उघडल्या नाहीत. त्या काळात फ्लॉपी अशाच दगा द्यायच्या. आमच्या धुळीत तर फारच. क्लासचा कॉम्प्युटर नव्या बॅचसाठी आधीच फॉरमॅट झाला होता. गावातले लोक विचारायला आले, संचालक चिडले आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, हे गेलं कसं? मी म्हणालो, बालाजीने बाहेरची फ्लॉपी घातली, व्हायरस आला, त्यात गेलं.

बालाजी माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला खरंच वाटलं असावं की चूक आपलीच. तोवर मी त्याच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. त्याला काढून टाकलं. पुढे कळलं की गावात एका बाईने त्याच्या आईला तोंडावर सांगितलं — तुझ्या पोरानं आमची माणसं दुसऱ्यांदा मारली. त्यानंतर ती माउली कुणाच्या दारात गेली नाही. ज्या म्हाताऱ्यांनी आठवून आठवून सांगितलं होतं तेही एकेक करून गेले. परत कोण कुणाला विचारणार?

तर, ते पान त्या दुपारी माझ्यासमोर होतं. वर पत्ता तोच जुना, त्या फुकट सेवेचा. ती सेवा बंद पडून जमाना झाला. मी एकेक चौकोन दाबत गेलो. तीच वेडीवाकडी अक्षरं... म्हशीवाल्या आजोबांचं घरसुद्धा होतं. माझा तोवर असा तर्क होता की कुणीतरी जुन्या पानांची नक्कल जपून ठेवली असेल. असं लोक करतात. मग खाली सरकलो.

खालची गल्ली भरलेली होती. शेवटपर्यंत.

नक्कल असती तर ती कोरी असायला हवी होती. मी बालाजीच्या चुलत्याचं घर दाबलं. चुलता, चुलती, मुलगे, आणि त्याखाली — ‘सुमन, बाळंतपणाला माहेरी’. तिच्याही खाली, अगदी बारीक अक्षरात एकच नाव होतं. कावेरी.

पान मी कॉम्प्युटरवर साठवलं. दुसऱ्या दिवशी ती फाइल उघडली तर नुसता मातकट रंग. त्या साखळीचा हिशेब ठेवणाऱ्या परदेशातल्या बाईंना मेल केला. त्यांनी सभ्यपणे कळवलं की असं पान आमच्या साखळीत नाही आणि कधी नव्हतं. मी कितीदा तरी ‘कुठलंही’ दाबलं. गटाराची झाकणं आली, हवामान आलं. ते पान आलं नाही.

मग मनात आलं, हे बालाजीनेच केलं असणार. मला दाखवायला. तसं असतं तर बरं झालं असतं, खरं सांगतो. मी बसने लातूरला आणि तिथून जीपने त्याच्या गावी गेलो. नव्या गावात तो पिठाची गिरणी चालवतो. भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

“या सर. आता कुठं असता? काय करता?”

मी नांदेडचं आणि नळाच्या पाण्याचं सांगितलं. तो जरासा हसला. म्हणाला, इकडं या अन् आमच्याबी नळाला लावा ते. मी कॉम्प्युटरचं विचारलं. त्याने खिशातून बटणांचा साधा फोन काढून दाखवला. क्लास सुटला तसा कॉम्प्युटरला हात लावला न्हाई म्हणाला. मग मी पानाचं सांगितलं. गिरणी चालूच होती. मी जवळजवळ ओरडून सांगत होतो. गल्ल्या, घरं, आजोबांची म्हैस. तो डबे भरत ऐकत होता, अंगात आलेल्या म्हाताऱ्याचं ऐकावं तसं. खालच्या गल्लीचं सांगितलं तेव्हा म्हणाला, ती मी काढलीच न्हाई सर, तुमाला मालूम हाय. मी म्हटलं, सुमनच्या खाली कावेरी लिहिलंय.

त्याने गिरणी बंद केली.

हातातला डबा खाली ठेवला. मग सांगितलं ते असं. सुमन ही त्याची चुलत बहीण. बाळंतपणाला आली होती, मुलगी झाली होती, बारसं व्हायच्या आतच भूकंपात दोघी गेल्या. आत्या कानात सांगत नाही तोवर नाव उच्चारायचं नाही, अशी त्यांच्यात रीत. सुमनने ठरवलेलं नाव फक्त आपल्या काकूला, म्हणजे बालाजीच्या आईला सांगितलं होतं. ते पोर सरकारी यादीत आलं नाही — सुमनचं नाव सासरच्या गावात, आणि पोरीला नावच नव्हतं. आईने बालाजीला हे सांगितलं ते ती जाताना. त्याने पुढे कुणालाच नाही, बायकोलाही नाही.

“कुणी केलं असेल मग?” मी विचारलं.

“केलं कुणी ते ऱ्हाऊ द्या सर.” तो माझ्याकडे न बघता बोलत होता. “पुसलं कुणी?”

मी एवढा प्रवास करून आलो होतो, पण तोवर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. निघालंही नसतं. मी त्याला एक नवल सांगायला आलो होतो. स्वतःचं सांगायला नव्हे. म्हणालो, मी. फोटोंना जागा नव्हती म्हणून.

“अन् व्हायरस?”

“नव्हता.”

तो पिठाच्या पोत्यावर बसला. म्हणाला, “माझी आई पाणी भरायला रात्रीची जायची सर. बाया दिसू न्हाईत म्हणून. लई वर्सं.” मग उठून हात झटकले. “चला. गावात सांगा.”

त्याने मला चौकातल्या चहाच्या हॉटेलवर नेलं. बाकड्यावर बसलेल्यांना मी सगळं सांगितलं. ते तिशी-चाळिशीतले लोक. कुठलं पान? एकाने विचारलं, सर, ते ॲप होतं का? दुसरा म्हणाला, बालाजीदादाला कुणी काय म्हणलंय, चांगला माणूस हाय. त्यांना आठवायला काही नव्हतंच. मग बालाजीने मला एका घरी नेलं. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. त्याच्या आईला तोंडावर बोलली होती तीच ती बाई. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

“हे तिला सांगाया पायजे होतं,” ती म्हणाली. “मला सांगून काय करू मी आता? तिचं ऐकून घेतलं न्हाई मी.” आणि आत निघून गेली. बालाजी दाराकडे बघत उभा राहिला. मला जीपपर्यंत सोडायला तो आला. माफ केलं, असं मात्र म्हणाला नाही.

या पानाबद्दल मी जाणकारांना विचारलं आहे. कुणी म्हणतं आठवणीने फसवलं, कुणी म्हणतं अपराधी मनाला दिसतं. शक्य आहे. पण जे नाव मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, ते माझं मन कुठून आणणार? मी फिजिक्सचा माणूस; उत्तर नसेल तर नाही म्हणायला शिकलोय. उत्तर नाही. इतकं मात्र इथे लिहून ठेवतो की बालाजीच्या हातून काहीही हरवलं नव्हतं.

जेवण झालं की मी अजून ‘कुठलंही’ दाबत बसतो. मधूनमधून बालाजीचा फोन येतो. दुपारी, गिरणी बंद असते त्या वेळेला. तब्येत विचारत नाही, स्वतःचं सांगत नाही.

“आलं का?”

“नाही आलं,” मी म्हणतो.

तो फोन ठेवून देतो.