पहिल्याच ओळीत

मांडवीच्या किनाऱ्यावर माझ्याच बाकावर एक तिशीचा मुलगा शर्टाचं बटण सारखं फिरवत बसला होता. "कोणाची वाट बघतोस रे?" मी विचारलं.

"ॲपवर ओळख झालेली मुलगी येतेय. आज पहिल्यांदाच भेटणार," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "मला ऑटिझम आहे. आई म्हणालेली, आधी सांगू नको. पण मी प्रोफाइलच्या पहिल्याच ओळीत लिहिलं. लपवायला मी काय चोरी केलीय?"

तेवढ्यात मुलगी धापा टाकत आली. "चुकीच्या बसमध्ये चढले. माझं एडीएचडी, सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस. म्हणून उशीर झाला तरी काळजी वाटली नाही."

ती खळखळून हसली. मी उठून त्यांना बाक मोकळा करून दिला.

घरी हे सांगितल्यावर नवऱ्याने विचारलं, "कोणाचा गो तो मुलगा?"

"ते विचारलंच नाही," मी म्हटलं. "माझा असता तर गावभर मिरवला असता."