प्रतिस्पर्ध्याची दुरुस्ती

माझ्या इंजिनानं चुकीची खेळी केली, की ती मला कळायच्या आत दिनूभाऊंचा फोन यायचा. "काय साहेब, तुमचं येडं परत घोडा कोपऱ्यात घेऊन बसलंय. कोन शिकवतं त्याला?" वर ती चूक प्रोग्राममध्ये कुठे असेल, हेही सांगून मोकळे!

आपलं आपण बुद्धिबळ खेळणारे प्रोग्राम, म्हणजे इंजिनं, लिहायचा नाद आम्हा दोघांनाही होता. मी नोकरी सांभाळून माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये लिहायचो; ते विमा कंपनीतून निवृत्त होऊन वसई गावातल्या केळीच्या वाडीत. इंटरनेटवरच्या स्पर्धेत आम्ही एकाच गटात, एकमेकांच्या उरावर. तरी रविवारी त्यांच्या पडवीत दोन लॅपटॉप शेजारी ठेवून इंजिनं झुंजवायचो. माझं हरलं, की तेच चिडायचे. "असल्याला हरवून मला काय कळनार?" आणि खुर्ची ओढून माझंच इंजिन दुरुस्त करत बसायचे. जेवण निवायचं. वहिनी आतून ओरडायच्या, "अवो, शत्रूचं काम झालं असेल तर जेवा!"

डाव सुरू होताना इंजिन आपल्या लेखकाचं नाव जाहीर करतं. मी एकदा म्हटलं, "तुमचंही नाव घालतो."

ते उसळले. "तुझ्या चुकांवर माझं नाव? मग भांडू कोनाशी?"

वरच्या गटात जायचं त्यांचं जुनं स्वप्न होतं. मोसमाचा शेवटचा डाव नेमका माझ्याशी आला. त्यांना विजय हवा होता, मला बरोबरी पुरणार होती. ऐन डावात माझं इंजिन अडलं. तपासणीसाठी घातलेल्या ओळी मी काढायला विसरलो होतो. प्रत्येक विचार फाइलीत लिहिता लिहिता त्याचं घड्याळ संपलं. नियमानं मी हरलो.

"अभिनंदन, दिनूभाऊ," मी फोनवर म्हणालो.

"कसलं? मी तुझ्या गलथानपनाला हरवलं, इंजिनाला नाय. लॅपटॉप घेऊन ये."

प्रतिस्पर्धी राजी असला, तर स्पर्धेचे आयोजक अडलेल्या खेळीपासून डाव पुन्हा खेळू देत. यांनी मला न विचारताच तशी विनंती करून टाकली होती! मी चिडलो, वहिनी चिडल्या. पण मी ठाम नकार दिला नाही, हे मला अजून बोचतं. त्यांनी माझ्या त्या ओळी पुसल्या. डाव सुरू झाला, आणि हरत आलेलं माझं इंजिन त्यांच्या राजाला सारखा शह देत राहिलं. पटावर तीच स्थिती पुन्हा पुन्हा आली, म्हणून बरोबरी. मी वर गेलो, ते खालीच राहिले.

"हे कोनी शिकवलं याला?" ते ओरडले.

"तुम्हीच. गेल्या गणपतीत."

"मग बरोबर शिकवलंय," ते पुटपुटले आणि माझ्यापुढे केळी ठेवली.

पुढचा मोसम सुरू व्हायच्या आत ते गेले. वरच्या गटातल्या पहिल्या डावाआधी मी लेखक म्हणून माझ्या नावाशेजारी त्यांचं नाव घातलं. घोडा कोपऱ्यात अडकला आणि आम्ही सडकून हरलो. ते असते, तर नाव काढेपर्यंत त्यांनी मला घास गिळू दिला नसता.

नाव मी काढणार नाही. घोडा मात्र नीट करायला बसलोय. त्यांच्या नावावर असली चूक राहता कामा नये.