एडका बदलला त्या सालची कबड्डी

आमच्या गावात कबड्डी खेळणारे सात जण होते आणि कबड्डी कळणारं बाकी सगळं गाव. मी या दोहोंच्या मधोमध होतो. म्हणजे बदली खेळाडू. संघाच्या मागे सतरंजीवर बसायचं, सगळ्यांच्या चपला, घड्याळं, पाण्याच्या बाटल्या आणि तंबाखूच्या पुड्या सांभाळायच्या, कुणाला लागलं तर त्याला खांदा द्यायचा. कित्येक जत्रा मी असाच बसलो. मैदानाच्या मातीनं खेळणारे मळायचे, मी बसूनच त्यांच्याहून जास्त मळायचो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव निमोण्याच्या अलीकडं, शिरूर तालुक्यातलं. संघ तेव्हा नुसता हरत होता. कासुर्डीच्या बाजूला गेलो, पहिल्या फेरीत घरी. घोडनदीच्या काठी गेलो, पहिल्या फेरीत घरी. टेम्पोवाला तर परतीचा प्रवास धरूनच गाडी वळवून उभी करायचा. गावात तरणी पोरं नव्हती असं नाही. पण ती कंपनीत लागलेली, आणि सामने नेमके सेकंड शिफ्टच्या वेळेला. त्यामुळं संघाचा भार तिशी कधीच ओलांडलेल्या तिघांवर. त्यात सगळ्यात जुना कप्तान, म्हणजे माझा थोरला भाऊ.

दादाची चढाई एके काळी बघण्यासारखी होती, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. तो मध्यरेषा ओलांडून गेला की समोरचे गडी आपोआप मागं सरकायचे. आता ते जागचे हलत नव्हते. दादाच्या गुडघ्याला कायमचं बँडेज होतं आणि बनियनखाली पोट होतं. ते कबड्डी म्हणता म्हणता त्याच्याआधी रेषेपलीकडं पोचायचं.

वाद चालायचा स्टँडवरच्या सलूनमध्ये. सलूनवाले मामा हे दादाच्या पार्टीचे. डेअरीचे आप्पा विरुद्ध पार्टीचे. मामांच्या खुर्चीत बसून मामांच्याच वस्तऱ्याखाली आप्पा मामांशी भांडायचे. एवढं धाडस मी मैदानातसुद्धा कुणाचं पाहिलं नाही.

त्या दिवशी मात्र खुर्चीत दादा होता. तोंडाला फेस, गळ्यावर वस्तरा. मागं बाकावर आप्पा, मी, आमचे वडील आबा आणि आणखी पाचसहा जाणकार. दादाला बोलता येत नव्हतं. आरशातून सगळ्यांची तोंडं तेवढी दिसत होती.

"तिघांबी म्हाताऱ्यांना काढा," आप्पा म्हणाले. "गुडघ्यावर पट्ट्या बांधून चढाई होती व्हय? ही टीम हाय का सरकारी दवाखाना?"

"आन् खेळणार कोण?" मामा वस्तरा न थांबवता म्हणाले. "तुमच्या डेअरीच्या किटल्या?"

"नवी पोरं घालू. हरू दोन सालं. शिकतील."

"हरायचंच हाय तर जुन्यांनी हरू द्या की. त्यांना सवय हाय."

दादाचा गाल आरशात हलला. मामांनी त्याची हनुवटी धरून मान सरळ केली.

"मग ह्यालाच घाला," कुणीतरी माझ्याकडं बोट करून म्हणालं, "बसून बसून ताजा हाय."

"न्हाई!" आप्पा आणि मामा एकदम ओरडले. त्या सबंध वर्षात दोघांचं एकमत झालेलं मला आठवतं ते एवढंच.

मग आप्पा आबांकडं वळले. आमचे आबा तरुणपणी मेंढरं घेऊन निम्मं साल बाहेर असायचे. फिरता वाडा एका जागी बसवून, शेती धरून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गावात कुणाला जित्राबातलं काही विचारायचं झालं की आबांनाच विचारायचे. आणि आबांचा एक स्वभाव होता. प्रश्न विचारला की त्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं. कोण विचारतंय, कशासाठी, शेजारी कोण बसलंय, हे बघायचं नाही.

"आबा, कळपात एडका म्हातारा झाला तर तुम्ही काय करायचा?"

"बदलून घ्यायचा," आबा म्हणाले. "आपला दुसऱ्याच्या कळपात द्यायचा, त्याचा आपल्यात आणायचा. तिथं तो नवा असतोय. चालतंय वरीसभर."

दादा आरशातून आबांकडं बघत राहिला. आबांना आपण काय बोललो ते कळलंच नव्हतं. आप्पांना मात्र पुरतं कळलं होतं.

आता यात एक मेख होती. भाडोत्री गडी येऊ नयेत म्हणून आमच्या भागातल्या जत्रांना एक नियम होता. गडी गावचा पाहिजे, नाहीतर गावचा जावई पाहिजे. जावई म्हणजे गावचाच माणूस, असं सगळ्यांनी मानलेलं. दादा हा राहू गावचा जावई. आणि वहिनीचा भाऊ हा आमचा. साटंलोटं होतं. एकाच मांडवात आमची ताई त्यांच्या घरी गेली आणि त्यांची मुलगी आमच्या घरी आली. कानपिळीच्या वेळी दोघा नवऱ्यांनी एकमेकांचे कान पिळले होते. दाजींनी रीत म्हणून हात लावला. दादानं मात्र पकड करावी तसा पिळला. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसले, पण विसरले नव्हते. हे दाजी राहूच्या संघात कोपरा खेळायचे, दादाहून बरेच लहान, आणि त्यांची घोट्याची पकड पंचक्रोशीत प्रसिद्ध.

"आपला तिकडं, त्यांचा हिकडं," आप्पा उठून उभे राहिले. "नियमात बसतंय! सोयरीक झाली तवाच झालं हाय हे, आपल्याच ध्यानात न्हाई आलं!"

दादानं तोंडावरचा फेस हातानंच पुसला आणि अर्ध्या दाढीनं घरी आला.

घरी त्यानं एवढंच विचारलं, "आबा, मी एडका हाय व्हय?"

"मला काय ठावं तुझं इचारत्यात म्हणून," आबा म्हणाले. आणि थोडं थांबून, "पर बदलावा लागतोच रं."

त्यानंतर बापलेक एका पंगतीला बसले नाहीत. वहिनी दोन्ही वेळा भांडी आपटायची, आणि आई सगळ्यांना एकच सांगायची, "दाजींना काय कमी पडू देऊ नका. हितं त्यांना टोचलं की तिथं माझ्या लेकीला टोचंल."

राहूवाले कबूल झाले, दादा रागारागानं तिकडं खेळायला गेला आणि दाजी आमच्याकडं आले. आणि आमचा घोटाळा इथंच झाला. जावई संघात घेतला, पण जावयाला बोलायचं कसं, हे कुणी ठरवलंच नाही. आमच्या लोकांची सगळी कबड्डी शिव्यांवर चालायची. दादा चुकला की रेषेवरून त्याच्या सात पिढ्या निघायच्या, आणि तो त्या ऐकून सुधारायचाही. दाजींना ते चालणार कसं? सरावात त्यांचा पाय रेषेबाहेर गेला, तर आप्पा अदबीनं म्हणाले, "दाजी, पाय जरा आत घेता का?" ते वाक्य संपेपर्यंत गडी बाद. दाजी पकड सोडायचे, आणि रेषेवरचं अख्खं गाव ओठ चावत उभं. शिव्या कुठंतरी जायलाच हव्यात. त्या माझ्याकडं यायच्या. "पाणी कुठाय रं, बशा बैला?"

मामांनी तर आप्पांच्या दाढीला जुनंच ब्लेड लावायला सुरुवात केली. आप्पा ओरडले तर म्हणाले, "नवं तुमच्या टीमला लागतंय ना? आमी जुन्यावरच भागवतो."

जत्रा आली, तिसऱ्याच गावची. आणि नको तेच झालं. दुसऱ्या फेरीत आमची गाठ राहूशी. मैदान नांगरून, पाणी मारून केलेलं, भोवती बांबूचं कुंपण. पलीकडं दादा निळ्या बनियनमध्ये, पोट तसंच, पट्टी तशीच. आमच्या बाजूला दाजी. आबा कुंपणाला टेकून उभे. कुणाकडं बघायचं ते त्यांना समजत नव्हतं, म्हणून ते जमिनीकडं बघत होते.

दादा पहिल्याच चढाईला आला. आमचा कोण गडी कुठल्या पायावर भार देतो, कोण हूल खातो, कोण सामन्याआधी घाबरून तंबाखूचा बार भरतो, हे त्याला तोंडपाठ. दोन गडी हात लावून मारले आणि सावकाश परत गेला. आमच्या लोकांत कुणी ओरडलं नाही. मामांच्या तोंडातून मात्र "शाब्बास!" निघून गेलं, आणि आप्पांनी त्यांची कॉलर धरली.

दुसऱ्या चढाईला दाजींनी घोटा धरला.

"धरा दाजी, धरा! सोडू नका!" आप्पा मामांची कॉलर न सोडताच ओरडले. पाठोपाठ आणखी तिघे दादाच्या अंगावर. वाटलं, संपलं. त्या ढिगाऱ्यातून दादाचा आवाज येत होता, दम न तोडता, कबड्डी, कबड्डी, आणि तो ढीग जागचा हलायला लागला. माझा भाऊ दुखऱ्या गुडघ्यावर चार माणसं ओढत होता. हात पुढं गेला, बोटं रेषेला लागली. चौघे बाद.

तो उठला. दाजी अजून घोटा धरूनच पालथे पडले होते. दादा वाकला आणि त्यानं सगळ्या जत्रेसमोर दाजींचा कान पिळला. मांडवात पिळला होता, तसाच.

लोक हसले. पंचांनी शिट्टी मारून दादाला ताकीद दिली. पण दाजी उठले ते सरळ कुंपणाबाहेर जाऊन दगडावर बसले. जावई रुसला. आता रुसलेल्या जावयाची समजूत घालायला आमच्याकडं दोन दिवस लागतात, आणि सामन्याचा जेमतेम अर्धा तास उरलेला. आप्पा हात जोडून उभे. "दाजी, चला ना. दाजी, सामना ऱ्हायलाय." आमच्यावर लोण चढून सगळे गडी पुन्हा आत गेले, तरी दाजी तोंड फिरवूनच बसले.

"याला घाला," शेवटी आप्पा रडव्या आवाजात म्हणाले. माझ्याबद्दल.

आयुष्यातली माझी ती एकुलती एक चढाई. मी रेषा ओलांडली, कबड्डी म्हणालो, तेवढ्यात समोर दादा आला. मी वळायच्या आत त्यानं मला कमरेला धरून उचललं आणि अगदी अलगद खाली ठेवलं. लहानपणी कडेवरून उतरवायचा तसं. कानाशी म्हणाला, "दम सोड येड्या, लागंल." मी सोडला. मग रेषेवरून ज्या काही शिव्या आल्या! इतके दिवस दाजींसाठी साठवून ठेवलेल्या त्या सगळ्या मला एकदम मिळाल्या. आप्पांची पार्टी आणि मामांची पार्टी, दोन्ही.

आम्ही हरलो. टेम्पो वळवून उभा होताच. दाजी आमच्या घरी मुक्कामाला येणार होते, म्हणून त्यांना ड्रायव्हरशेजारी बसवलं. दादा पिशवी घेऊन मागच्या फाळक्यापाशी आला. तो तरी कुठं जाणार? घर आमच्याच गावात.

"हितं जागा न्हाई," आप्पा वरून म्हणाले. "राहूचा टेम्पो तिकडं हाय."

कुणी सरकून जागा केली नाही. मामांनीसुद्धा. आबांनी एक पाय फाळक्यावरून बाहेर टाकला, तेवढ्यात टेम्पो हलला आणि ते माझ्या मांडीवर येऊन पडले.

त्या संध्याकाळी वहिनीनं आपल्याच भावापुढं ताट आदळलं. "जेव. तुझ्यापायी माझा नवरा दुसऱ्याच्या दारात जेवतोय."

"माझ्याच दारात जेवतोय की तो," दाजी म्हणाले.

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाली आणि भाकरी न वाढताच आत गेली.

दुसऱ्या दिवशी दादा एसटीनं आला. अंगावर राहूच्या लोकांनी दिलेला टॉवेल, डोक्यावर टोपी. उतरून आधी सलूनमध्ये गेला आणि खुर्चीत बसला. मामांनी कधी नव्हे ते कोरं ब्लेड काढलं. बाकावर आप्पा होते, आबा होते, मी होतो.

आप्पाच आधी म्हणाले, "झालं ते झालं. दाजी काय आता येत न्हाईत. पुढच्या जत्रेला तू आपल्याकडनंच खेळ."

दादानं मामांचा हात बाजूला केला. आज त्याला बोलायचं होतं.

"मी तिथं पहिल्या सराव सामन्याला तीनदा बाद झालो, आप्पा. तीनदा. एकानं शिवी न्हाई दिली. म्हणले, दाजी, पाणी घेता का? हितं मी एवढी सालं खेळलो. गुडघा हितंच गेला. मला कवा कुणी पाणी इचारलं?"

मी बाटल्या सांभाळणारा माणूस. मी खाली मान घातली. आप्पांना मात्र काय वाटलं कोण जाणे. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, आरशाखालचं भांडं उचललं आणि दादापुढं धरलं.

दादानं भांड्यात पाहिलं. ब्रश तरंगत होता.

"दाढीचं हाय ते, आप्पा," तो म्हणाला. मग मान मागं टाकून त्यानं मामांना खूण केली.

पुढच्या जत्रेला तो राहूकडूनच उतरला. आमच्याशी सामना पडला, आणि या खेपेला आमच्या, सुट्टी टाकून आलेल्या एका कंपनीतल्या पोरानं त्याला मधोमध लोळवलं. तो सावकाश उठला, पट्टी सारखी केली आणि लंगडत बाहेर गेला. मी सतरंजीवरून वळून रेषेकडं पाहिलं. आप्पा, मामा, अख्खं गाव उभं होतं. आमच्या बाजूनं एकही शिवी आली नाही. तो आता दुसऱ्या गावचा जावई होता.