सुंदराबाईंची मेरियन

सुंदराबाई प्रेमात पडल्या त्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. त्याआधी सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागून हेडक्लार्क होईपर्यंत त्यांना असल्या गोष्टींना सवड नव्हती. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये पाय उशीवर ठेवून त्या टीव्हीवर कोथिंबीरवडीची कृती बघत होत्या. वडी तळून झाली आणि टीव्हीने आपल्या मनानेच एक जुना इंग्रजी सिनेमा लावला. रिमोट हाताला लागेना, म्हणून त्या बघत राहिल्या.

त्यात एक सव्वीस वर्षांची टायपिस्ट पोरगी होती. साहेब मजकूर सांगतोय, ही टाइप करतेय आणि साहेबाची चुकीची वाक्यं परस्पर सुधारतेय. साहेब भडकला की असं काही साळसूद तोंड करायची, की सुंदराबाई टाके विसरून हसल्या. उभ्या नोकरीत त्यांनी नेमकं हेच केलं होतं, फक्त इतक्या देखण्या तोंडाने नव्हे. नटीचं नाव होतं मेरियन वेल.

मग काय, चटकच लागली. नातीने, पायलने, मेरियनचे बाकीचे सिनेमे शोधून दिले. एकात ती भर लग्नातून पळून जाते, एकात वेश पालटून स्वतःच्याच नवऱ्याला पुन्हा प्रेमात पाडते. सुंदराबाईंचं जेवण, औषधं, गुडघ्याचे व्यायाम, सगळं मेरियनच्या संगतीत होऊ लागलं. एकदा हॅटच्या जागी पिठाची चाळणी डोक्यावर तिरकी धरून त्या आरशासमोर उभ्या असताना पायल आली, तर म्हणाल्या, पीठच चाळत होते.

त्यांचे यजमान भीमराव हे सगळं पेपराआडून बघत. निवृत्त पोस्टमास्तर, बोलणं तारेसारखं मोजकं. "आमच्या आजोबांनी छप्पन्न साली मरीआई सोडली," ते म्हणाले, "तू ती अमेरिकेहून परत आणलीस."

सुंदराबाईंनी ते कानाआड केलं. मेरियन आता नव्वदीची असेल, कुठे तरी खुर्चीत बसली असेल, तिचेही गुडघे दुखत असतील, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. ती चालत असेल तर आपणही चालू, म्हणत त्या दिवाणखान्यात फेऱ्या मारत. साठी उलटल्यावर नवी मैत्रीण मिळाली याचा त्यांना इतका आनंद झाला होता, की पायलने कुठेशी वाचून मेरियनच्या जन्माची तारीख सांगताच त्यांनी सोसायटीतल्या बायकांना वाढदिवसाचं बोलावणं देऊन टाकलं. टायपिस्टचा सिनेमा ठरला, केक सांगितला. केकवाल्याने फोनवर काय ऐकलं कोण जाणे, केकवर ठळक अक्षरांत 'हॅपी बर्थडे मरीआई' लिहून आलं. भीमरावांना हसून हसून ठसका लागला.

बायका यायची वेळ झाली आणि पायल मोबाइल हातात घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"आजी, आज तिचा वाढदिवस नाहीये," ती म्हणाली. "जयंती आहे."

सुंदराबाई मटकन सोफ्यावर बसल्या. सुंदराबाईंना नोकरी लागायच्याही आधीच मेरियन गेली होती. म्हणजे इतके दिवस त्या कुणाबरोबर चालत होत्या? ओळख होते न होते तोच गेली, असं म्हणताना त्यांना खरंखुरं रडू कोसळलं. बायकांना येऊ नका म्हणून कळव, असं त्यांनी पायलला सांगितलं.

भीमरावांनी पेपराची घडी घातली. या घरात जयंती म्हणजे चौदा एप्रिल. पांढरी साडी, ढोलताशा, गोडधोड, आणि मिरवणुकीत सुंदराबाई सगळ्यांच्या पुढे नाचणार. ऑपरेशनच्या आदल्या वर्षीही नाचल्या होत्या, गुडघा धरून.

"जयंतीला रडलेलं माणूस आपल्यात कधी पाहिलंस?" ते म्हणाले. "ऊठ, साडी बदल."

सुंदराबाई डोळे पुसून उठल्या. बायका आल्या, केक कापला, सिनेमा लागला. मेरियनने साहेबाचं पहिलं वाक्य सुधारून ते साळसूद तोंड केलं, तशी अख्खी खोली खिदळली. सुंदराबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या.

"भारीच गोड आहे हो," शेजारच्या कुसुमताई केक खाता खाता म्हणाल्या. "काय वय असेल आता हिचं?"

पायलने घाबरून आजीकडे पाहिलं.

"सव्वीस," सुंदराबाई म्हणाल्या.