नाव न सापडल्यास

माझी वहिनी काहीच न तपासता सोडत नाही. चहा गाळला की आधी स्वतः घोट घेणार, मग आम्हाला देणार. दादा तिला 'इन्स्पेक्टर' म्हणायचा. दादा गेला तेव्हा ती रडली नाही, नंतरही नाही. मला त्याचा राग यायचा, बाई आहे की दगड! खरं तर मीही रडत नव्हते. घरात सगळेच बधिर झालो होतो.

दादा दातांचा डॉक्टर. तो नोकरी करायचा त्या दवाखान्याची वेबसाइट वहिनीनेच घरी बसून बांधलेली. तिथे प्रत्येक डॉक्टरसाठी वेगळं पान नव्हतं, सगळ्यांसाठी एकच रूट, म्हणजे पानाकडे नेणारी एकच वाट होती. साइटच्या पत्त्याच्या शेवटी जे नाव येईल ते शोधायचं आणि त्याचा फोटो, माहिती साच्यात भरून दाखवायची. गेल्या महिन्यात मालकांनी दादाचं नाव काढून टाकलं. कधीतरी काढणारच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी नेमकं तेच पान मागितलं, नाव सापडेना, आणि अख्खी साइट बंद पडली.

"कुणी काहीही मागू दे, साइट पडता कामा नये," मालकांनी फोनवर सुनावलं.

वहिनी कामाला लागली. नाव सापडलं नाही तर काय दाखवायचं ते लिहिलं आणि वाट्टेल ते मागून बघितलं. नुसते आकडे, उलटसुलट अक्षरं, शेवटी 'बटाटा'. साइट दर वेळी म्हणे, 'अशी कोणी व्यक्ती इथे नाही.' मी हसले. ती हसली नाही. दादाचं नाव तेवढं तिने टाकलं नव्हतं.

ते आईने टाकलं. रोज सकाळी साइटवरचा पांढऱ्या कोटातला दादाचा फोटो बघितल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे. साइट कुणी पाडली होती, ते आम्हाला आत्ता कळलं. ती फोन घेऊन ओट्यापाशी आली.

"हे कुणी लिहिलंय गं?"

"मी, आई."

"अशी कोणी व्यक्ती नाही?"

वहिनीने गॅस बंद केला. "फोटो तुमच्या फोनमध्ये घालून देते."

"फोनमध्ये नको. तो तिथे कामाला जायचा. मला तिथेच दिसायला हवा."

वहिनी कॉम्प्युटरपाशी बसली. तिने फक्त दादाच्या नावाचा एक वेगळा रूट लिहिला आणि सगळ्यांच्या वर ठेवला.

"वर कशाला?" मी विचारलं.

"साइट वरून खाली शोधत येते. खाली ठेवला तर आधीचाच त्याला गिळेल, आणि पुन्हा तेच वाक्य येईल."

"मालकांना विचारलंस?"

"नाही."

त्या पानावर आता नुसता फोटो आहे. वेळ घेण्याचं बटण तिने काढून टाकलं. मग कॉम्प्युटर बंद केला आणि भाजी चिरायला गेली. पान उघडून बघितलंच नाही, अजूनही बघितलेलं नाही.

रोज सकाळी आई ते उघडते आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगते, "चालतंय गं."

"बरं," वहिनी आतून म्हणते.