एक डॉलरवाली वर्ना

वर्ना स्टोडोलाने आमच्या वॉकर्स फोर्डमध्ये एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. गाव आयोवातलं, वस्ती जेमतेम अडीच हजार, त्यामुळे चाळिशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी तिच्या ओरड्याने जागेवर बसलेला आहे. मी त्याच शाळेत बावीस वर्षं गणित शिकवतोय. ती मला मास्तर म्हणते आणि माझ्या गाडी चालवण्यावर तिचा काडीचा विश्वास नाही.

राजकारणाशी तिचा संबंध मत देण्यापुरता. पक्षाचा उमेदवार निवडायची सुरुवात आयोवातून होते, म्हणून आमच्याकडे निवडणुकीच्या आदल्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली माणसं दर आठवड्याला येतात, हात मिळवतात, मक्याचं कणीस खाताना फोटो काढून घेतात आणि जातात. वर्ना असल्या सभांना जात नसे. त्या जुलैमध्ये ती वाचनालयात गेली, ती केवळ पुस्तकं परत करायला.

आतल्या खोलीत तीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं होती पाच. त्यातली एक वाचनालयाची बाई आणि एक आजोबा गारव्याला येऊन बसलेले. समोर उभा होता हॅल्वर ऑस्टबी. माँटानातला गुरांचा डॉक्टर, तिथल्या राज्याच्या सिनेटमध्ये दोनदा निवडून आलेला, आणि आता राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार. देशात त्याला ओळखणारी माणसं शंभरात एकही नव्हती. तरी पाच माणसांसमोर तो पाचशे असल्यासारखा मन लावून बोलत होता. वर्नाला त्याची कीव आली, म्हणून ती बसली.

शेवटी तिने हात वर केला. "आमच्या काउंटीतला बाळंतपणाचा वॉर्ड बंद झाला. माझ्या पुतणीला पन्नास मैलांवर न्यावं लागलं, अर्ध्या वाटेत गाडीतच बाळ झालं. तुम्ही राष्ट्राध्यक्ष झालात तर काय करणार?"

ऑस्टबीने थोडं काही सांगितलं आणि मध्येच थांबला. "खरं सांगू का? यातलं किती राष्ट्राध्यक्षाच्या हातात असतं, मला नक्की माहीत नाही. तुमचा नंबर द्या. शोधून सांगतो."

"असं सांगून गेलेले पुष्कळ पाहिलेत," वर्ना म्हणाली. पण नंबर दिला.

पाचव्या दिवशी ती बसच्या आवारात गाडीची फरशी धूत असताना फोन आला. ऑस्टबी स्वतः पंचवीस मिनिटं बोलला. लहान इस्पितळांना पैसे कसे मिळतात, कुठे अडतात, त्यातलं वॉशिंग्टनमधून काय बदलता येईल आणि काय नाही, हे सगळं त्याने सांगितलं. शिवाय वाचनालयात आपण एक गोष्ट चुकीची सांगितली होती, तीही त्याने दुरुस्त केली.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. डेल स्टोडोला वेल्डिंगचं काम करतो, पक्ष वगैरे मानत नाही. तो म्हणाला, "गुरांचा डॉक्टर ना? मग या देशाला बरोबर माणूस मिळालाय."

"हस तू. पण मला सांग, चुकलो म्हणून फोन करणारा पुढारी तू पाहिलायस?"

डेलने विचार केला. "पुढारी सोड, प्लंबरसुद्धा नाही पाहिला."

तिथून वर्ना कामाला लागली. टीव्हीवरच्या जाहीर वादात उभं राहायला पक्षाची अट होती की ऐंशी हजार वेगवेगळ्या माणसांनी देणगी द्यायला हवी. रक्कम कितीही चालेल, एक डॉलरसुद्धा. माणसं मोजणार, पैसे नाही. सप्टेंबरच्या मध्याला ऑस्टबीकडे होती एकोणीस हजार आणि मुदत राहिली होती सहा आठवडे. त्याच्या प्रचार कार्यालयातून सगळ्या समर्थकांना लाल अक्षरांत ईमेल जात: शेवटची संधी, आज द्या, नाहीतर सगळं संपलं!

वर्नाने कार्यालयाला फोन लावला. "हे कोण लिहितं? माझी आई असती तर घाबरून चेकबुक शोधत बसली असती. म्हाताऱ्या माणसांना असं लिहितात का?"

तिकडची बाई दमलेली होती. ती म्हणाली, "मग तुम्हीच लिहा."

"लिहिते," म्हणून वर्नाने खरंच लिहिलं. मला शुद्धलेखन तपासायला दिलं, म्हणून ते मला आठवतंय. "मी वर्ना. मी शाळेची बस चालवते. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही, उद्या काही जग बुडत नाही. हा माणूस मला खरा वाटला. त्याला टीव्हीवर दोन शब्द बोलू द्यावेत असं वाटत असेल तर एक डॉलर पाठवा. एकच. औषधाच्या, भाड्याच्या पैशांतून काही पाठवू नका, मला कळलं तर मी परत पाठवीन." खाली तिने स्वतःचा पत्ता आणि घरचा नंबर दिला होता.

"नंबर कशाला?" मी म्हटलं. "रात्रंदिवस वाजेल."

"मी त्यांच्याकडे पैसे मागतेय मास्तर. त्यांनी मला नुसता फोनही करायचा नाही?"

कार्यालयाने ते तसंच सगळ्यांना पाठवलं आणि फोन वाजू लागला. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्या मधल्या वेळात ती स्वयंपाकघरात बसून बोलायची, एकीकडे कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, भाजायची. डेलने फोनवर तिचा एक व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. त्यात ती देणगीदारांची नावं वाचते आणि मध्येच "थांबा, ओव्हन" म्हणून निघून जाते. तो काही हजार लोकांनी पाहिला. आकडा सत्तावीस हजारांवर गेला आणि तिथे अडकला.

मग अर्कान्सामधून मिसेस ओपल टिडवेल नावाच्या एका आजींचं पाकीट आलं. आत बारा डॉलर आणि चिठ्ठी: या महिन्यात रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या करून घेतेय, तेवढे वाचले. वर्नाने त्यांना तिथल्या तिथे फोन लावला.

"ओपलबाई, गोळ्या पूर्ण घ्यायच्या. मी एक डॉलर ठेवते, अकरा परत."

"मी दिलेत ते मनापासून दिलेत," आजी रागावल्या.

"मनापासूनचा एकच पुरतो. बाकीचे औषधाच्या दुकानात द्या. आणि डॉक्टरांना सांगा, गोळ्या परवडत नाहीत म्हणून. लाजू नका."

कार्यालयातली माणसं वैतागली. घरच्या पत्त्यावर आलेले पैसे नीट नोंदवून घेणं हा आधीच व्याप, त्यात आता परत पाठवायचे! पण वर्नाने पिच्छा पुरवून अकरा डॉलर परत पाठवायला लावले. आठवड्याने ओपलबाईंच्या नातवाने त्या चेकचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिलं, "माझ्या आजीला पैसे परत पाठवणारा आयुष्यातला पहिला उमेदवार."

तो फोटो देशभर फिरला. पहिल्या दिवशी चार हजार लोकांनी एकेक डॉलर पाठवला, दुसऱ्या दिवशी नऊ हजारांनी. बसच्या आवारातले इतर ड्रायव्हर तिला "एक डॉलरवाली" म्हणू लागले. मुदतीच्या तीन दिवस आधी ऐंशी हजार पुरे झाले. तेव्हा वर्ना बसमध्ये होती. आवारातून रेडिओवर निरोप आला. बस चालू असताना ती रेडिओवर कधी बोलत नाही. तिने गाडी बाजूला घेतली, थांबवली, आणि मग इतक्या जोरात हॉर्न वाजवला की पहिलीतली दोन पोरं रडायला लागली.

वादाच्या दिवशी वाचनालयात साठ माणसं जमली. दोन तासांत ऑस्टबीला सात मिनिटं मिळाली. पहिल्या प्रश्नाला तो अडखळला, आणि वर्नाने डोळे मिटून घेतले. पण इस्पितळांचा विषय निघाला तेव्हा तो सरळ, शांतपणे बोलला. दुसऱ्या दिवशीच्या पाहणीत शंभरात तीन लोक त्याचं नाव घेत होते.

फेब्रुवारीत निवड सभा झाली. आमच्याकडे ही उघड असते. शाळेच्या व्यायामशाळेत गावकरी जमतात आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहतात. एकशे अडतीस माणसं आली होती. एकवीसपेक्षा कमी माणसं असलेला गट बाद होतो, मग त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं किंवा घरी जायचं. वर्नाच्या कोपऱ्यात अठरा होते, त्यात डेलही. मी दुसऱ्याच एका उमेदवार बाईंच्या बाजूने उभा होतो. आम्ही अकरा. दोन्ही गट बाद होण्याच्या बेतात.

वर्ना आमच्याकडे आली. आमच्यातला कर्टिस, दूधवाला, लगेच पुढे झाला. "वर्ना, मी येतो. त्या बर्फाच्या वादळात तू माझ्या पोरींना चालत घरापर्यंत आणलं होतंस. तेवढ्यासाठी."

"तेवढ्यासाठी येऊ नकोस," ती म्हणाली. "त्याचा पगार मला मिळाला होता. मी कारण सांगते, पटलं तर ये."

आणि ती बोलली. भाषण वगैरे नाही. वाचनालय, तो फोन, चुकलो म्हणणं, एवढंच. माझ्या मनात तोवर हिशेब चालू होता की हा माणूस निवडून येणार नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

"नाहीच येणार बहुतेक," वर्ना म्हणाली. "पण मास्तर, तुम्ही पोरांना परीक्षेत काय सांगता? शेजाऱ्याने काय लिहिलंय ते बघ, असं?"

आजूबाजूला हशा पिकला. माझे जुने विद्यार्थीच होते सगळे. मी गेलो, कर्टिस आला, आणखी चार जण आले. चोवीस झाले. पक्षाच्या पुढच्या बैठकीसाठी आमच्या गावाने ऑस्टबीच्या बाजूचा एक प्रतिनिधी दिला.

राज्यभर मात्र त्याला शंभरात चारच मतं पडली. दोन दिवसांनी त्याने माघार घेतली, पण जाहीर करण्याआधी वर्नाला फोन केला. ती काय बोलली ते मला माहीत नाही. डेलने सांगितलं की नंतर ती गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ बसली, आणि तो तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसला.

त्याच आठवड्यात एका मोठ्या उमेदवाराचा माणूस चांगला कोट घालून तिच्या दारात आला. तिच्याकडे तिला पत्रं लिहिणाऱ्या चार हजार लोकांचे पत्ते होते, ते त्याला हवे होते. मोबदला म्हणून पगाराची नोकरी देऊ केली.

"त्यांनी पत्रं मला लिहिली," वर्ना म्हणाली. "तुम्हाला लिहायची असतील तर तुमचा पत्ता द्या, मी त्यांना कळवते." त्याने दिला नाही.

पत्रांची उत्तरं लिहीत ती मेपर्यंत बसली होती. त्यातली काही माणसं विचारू लागली की आपापल्या गावातल्या शाळा मंडळाच्या निवडणुकीला हे कसं करायचं. कॅन्ससमधली एक परिचारिका, लुसिंडा, तिला दर रविवारी फोन करायची. एकदा मी तिथेच कॉफी पीत बसलो होतो.

"पत्रक नंतर छाप गं," वर्ना तिला सांगत होती. "आधी दारं वाजव. आणि दार उघडलं की तू बोलू नकोस, त्यांना बोलू दे. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हण, आणि मग नक्की परत जा. परत जाणंच महत्त्वाचं आहे."

नोव्हेंबरात लुसिंडा तिच्या गावच्या शाळा मंडळावर अडतीस मतांनी निवडून आली. वर्नाने ही बातमी मला शाळेच्या दारात, बसच्या खिडकीतून ओरडून सांगितली, आणि मागे गाड्यांची रांग लागली होती तरी पूर्ण सांगून होईपर्यंत ती हलली नाही.